पूर्ण भूल घेण्याआधी: काय सांगायचं, काय थांबवायचं, काय घरी ठेवायचं

'सकाळी उपाशी पोटी या' असा निरोप आला की मराठी घरात हमखास एक घोटाळा होतो. उपाशीचा अर्थ उपवास असा लावला जातो, आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालते. पहाटे सहाला वाटीभर खिचडी, वर अर्धा कप चहा, आणि आठच्या ऑपरेशनला रुग्ण हजर. भूलतज्ज्ञ ऑपरेशन पुढे ढकलतात, घरचे चिडतात, आणि कुणीतरी म्हणतं, 'पण जेवण कुठे केलंय, फराळच तर केलाय!' जठराला फराळ आणि जेवण यातला फरक कळत नाही. त्यात साबुदाणा, दाण्याचं कूट आणि तूप म्हणजे पोटात सर्वांत जास्त वेळ रेंगाळणारी मंडळी.

हा नियम एवढा कडक का, ते आधी समजून घ्या. म्हणजे तो पाळायला सोपा जातो. जागेपणी घशात पाण्याचा थेंब चुकीच्या वाटेने गेला तर ठसका लागतो. पूर्ण भुलीत हा ठसकाही झोपतो. जठराच्या तोंडाशी असलेली झडपही सैल पडते. पोटात काही असेल तर ते वर येऊन श्वासनळीत उतरू शकतं, आणि सोबत जठरातलं आम्लही फुप्फुसात जातं. अमेरिकेतले प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ साली बाळंतिणींमध्ये हा प्रकार नीट मांडून दाखवला. आजही भूलतज्ज्ञ ज्या गोष्टींना खरोखर घाबरतात, त्यात ही वरच्या क्रमांकावर आहे.

वेळेचा हिशोब भूल देण्याच्या क्षणापासून मागे मोजायचा. तळलेलं, तुपकट किंवा मांसाहारी जेवण ८ तास आधी बंद. चपाती-भाजी, इडली, टोस्ट असं हलकं खाणं ६ तास आधी बंद. दूध पोटात गेलं की घट्ट होतं, म्हणून त्यालाही ६ तास. यातच दुधाचा चहा येतो, मग तो टपरीवरचा कटिंग का असेना. आईचं दूध पिणाऱ्या बाळाला ४ तास आणि पावडरच्या दुधाला ६ तास. साधं पाणी मात्र २ तास आधीपर्यंत चालतं. ज्यातून आरपार दिसतं आणि ज्यात चोथा, दूध किंवा स्निग्धांश नाही, ते पाण्यासारखं धरतात: बिनदुधाचा चहा, गाळलेलं कोकम सरबत, साखरपाणी. ताक, संत्र्याचा चोथ्यासकट रस आणि सोलकढी यात बसत नाहीत. सोलकढी कितीही पातळ असली तरी ती नारळाचं दूधच.

'रात्री बारानंतर थेंबही नको' हा जुना नियम अजून बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो. सकाळी पहिला नंबर असेल तर निभावतं. दुपारी दोनचा नंबर असेल तर चौदा तास कोरडं राहून डोकं दुखतं, शीर सापडत नाही आणि भूल दिल्यावर रक्तदाब घसरतो. म्हणून सरळ विचारा: 'माझा नंबर कितवा? पाणी किती वाजेपर्यंत पिऊ?' उत्तर कागदावर लिहून घ्या आणि मिळालेली वेळ पाळा, कारण यादी वरखाली होत असते.

पान, सुपारी, गुटखा, तंबाखू, मिश्री आणि च्युइंगगम हे सगळं पोट रिकामं ठेवण्याच्या नियमात येतं. चघळलं की लाळ आणि जठररस वाढतो. शिवाय भुलीत श्वासासाठी घशातून नळी घालतात, तेव्हा गालात राहिलेला तुकडा थेट श्वासनळीत जाऊ शकतो. मिश्री लावणं हे बऱ्याच बायकांना 'दात घासणं' वाटतं, म्हणून त्या ते सांगतच नाहीत. त्या दिवशी साध्या पेस्टने दात घासा आणि चूळ थुंकून टाका.

चुकून काही खाल्लंच, तर सांगा. नुकसान झालं तर काही तासांचं होतं. न सांगता टेबलावर जाऊन मात्र आयसीयूत दाखल व्हायची वेळ येऊ शकते.

काहींचं पोट नियम पाळूनही रिकामं होत नाही. गरोदर बाई, बरीच वर्षं मधुमेह असलेला माणूस, आतड्याला पीळ पडलेला रुग्ण, सतत घशाशी आंबट येणारा माणूस, आणि वजन किंवा साखर कमी करायला आठवड्याला एकदा सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडचं इंजेक्शन घेणारा माणूस या यादीत येतात. अपघाताचंही तसंच. हाड मोडल्याच्या वेदनेने जठराचं काम मंदावतं, म्हणून शेवटचं खाणं आणि अपघात यात किती वेळ गेला ते महत्त्वाचं ठरतं. वडापाव खाऊन पंधरा मिनिटांत पडलेला माणूस आठ तासांनीही भरल्या पोटीच धरला जातो.

फिटनेस काढणं

मुंबईत याला 'फिटनेस काढून आणा' म्हणतात, आणि बरेच जण घराजवळच्या डॉक्टरांकडून एका ओळीची चिठ्ठी आणून मोकळे होतात. फिजिशियन तुमचं हृदय, साखर आणि रक्तदाब पाहतात. भूल कशी द्यायची ते ठरवायला भूलतज्ज्ञांनीच तुम्हाला तपासावं लागतं. या तपासणीला पीएसी (प्री-अनेस्थेटिक चेकअप, म्हणजे भुलीआधीची तपासणी) म्हणतात. केईएम, सायन, नायर यांसारख्या मोठ्या रुग्णालयांत यासाठी स्वतंत्र विभाग असतो. पाटीवर 'बधिरीकरणशास्त्र' असा भारदस्त शब्द दिसला तर गोंधळू नका. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर ही भेट एक-दोन आठवडे आधी व्हायला हवी. आदल्या रात्री साखर ३०० निघाली तर ती दुरुस्त करायला वेळ उरत नाही.

जाताना गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या. 'एक पांढरी, एक गुलाबी, जेवणाआधी' यावरून काहीही कळत नाही. जुन्या ऑपरेशनांची डिस्चार्ज कार्डं, अलीकडचा ईसीजी किंवा इको आणि स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) असेल तर त्याचं कार्ड सोबत ठेवा. वजन किलोत माहीत हवं, कारण औषधांची मात्रा त्यावर ठरते.

'जिने चढल्यावर दम लागतो का?' हा प्रश्न तिथे नक्की येतो. खरं उत्तर द्या. दोन मजले न थांबता चढता येत असतील तर हृदय आणि फुप्फुसं ऑपरेशनचा ताण सहसा सोसतात. 'गेल्या वर्षी दादरचा पूल एका दमात चढायचो, आता मध्ये थांबतो' हे वाक्य डॉक्टरला दहा तपासण्यांइतकं उपयोगी पडतं. गुडघेदुखीमुळे जिनाच चढत नसाल तर तेही सांगा, नाहीतर 'दम लागत नाही' याचा अर्थ चुकीचा लागतो.

मग तोंड उघडायला सांगतात. आपली तीन बोटं उभी दातांमध्ये बसतात का, हे घरीच पाहा. गुटखा आणि सुपारीने गालाची आतली त्वचा ताठ होते आणि तोंड एक-दीड बोटच उघडतं. अशा माणसाला नेहमीच्या पद्धतीने श्वासनळीत नळी घालता येत नाही. त्याला जागेपणी, घसा बधिर करून, नाकातून दुर्बिणीच्या साहाय्याने नळी घालावी लागते. ती दुर्बीण प्रत्येक नर्सिंग होममध्ये नसते. ही गोष्ट ऑपरेशनच्या टेबलावर कळली तर सगळ्यांचीच पळापळ होते.

लहान नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून येतात. त्यात गैर काही नाही, मुंबईत अनेक अनुभवी भूलतज्ज्ञ असंच काम करतात. पण तिथे चार प्रश्न विचारून घ्या. ते मला आधी भेटणार आहेत का, निदान फोनवर तरी? उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, म्हणजे कॅप्नोग्राफ, आहे का? शुद्धीवर येताना माझ्याजवळ कोण असेल? आयसीयू लागला तर कुठे नेणार? कॅप्नोग्राफचा प्रश्न विचारायला संकोच वाटेल, पण नळी श्वासनळीत आहे की अन्ननलिकेत गेली, हे सर्वांत खात्रीने तेच यंत्र सांगतं. भूलतज्ज्ञांची फी पॅकेजमध्ये आहे की वेगळी, हेही तेव्हाच विचारा. मेडिक्लेमच्या बिलात नंतर तिच्यावरून घोळ होतो.

कमरेतून दिलेल्या भुलीत काम भागणार असेल तर तो पर्याय आहे का, असं विचारायला हरकत नाही. 'त्या इंजेक्शनने जन्मभर कंबर दुखते' हे घरोघरी ऐकू येतं, पण त्या इंजेक्शनने कायमची कंबरदुखी होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. पोटाच्या वरच्या भागातली, छातीची, मेंदूची आणि दुर्बिणीची बरीच ऑपरेशनं मात्र पूर्ण भुलीतच करावी लागतात.

जे सांगताना जीभ अडखळते

दारू किती आणि कधीपासून, ते खरं सांगा. रोज पिणाऱ्याला भुलीचं औषध जास्त लागू शकतं, आणि अचानक बंद केली तर दोन-तीन दिवसांत थरथर, भास आणि फिट येण्याची भीती असते. त्यामुळे 'ऑपरेशन आहे म्हणून कालपासून सोडली' ही बातमीही डॉक्टरला हवी असते. गांजा, झोपेच्या गोळ्या आणि व्यायामशाळेतली इंजेक्शनं यांचंही तेच. पाळी चुकली असेल तर ते सांगायलाच हवं. सासूबाई किंवा वडील शेजारी बसलेत म्हणून माणूस 'काही नाही' म्हणतो. अशा वेळी 'डॉक्टर, दोन मिनिटं एकट्याने बोलायचंय' एवढं म्हणा. त्यांना हे रोजचं असतं, ते पुढचं सांभाळून घेतात.

सिगारेट शेवटी कधी ओढली हेही विचारतील. चार आठवडे आधी सोडली तर छातीच्या तक्रारी कमी होतात. तेवढा वेळ नसला तरी आदल्या दिवशी सोडल्याचाही फायदा आहे, कारण रक्तातला कार्बन मोनॉक्साइड १२ ते २४ तासांत बराच उतरतो आणि रक्त पुन्हा पुरेसा ऑक्सिजन वाहू लागतं. 'शेवटच्या दिवसांत सोडली तर कफ वाढून उलट त्रास होतो' या समजापायी ओढत राहू नका.

घरातल्या जुन्या गोष्टी विचारून घ्या. 'काकांना ऑपरेशननंतर श्वास सुरू व्हायलाच दोन तास लागले, यंत्रावर ठेवलं होतं' अशी कथा कुणाच्या घरात असेल तर ती फार मोलाची आहे. सक्सिनिलकोलीन नावाचं स्नायू सैल करणारं औषध साधारणपणे काही मिनिटांत उतरतं. ते मोडणारं एंझाइम काहींच्या रक्तात जन्मतःच कमी असतं, आणि मग श्वासाचे स्नायू तासन्‌तास सैल राहतात. आर्य वैश्य समाजात हा दोष इतरांपेक्षा जास्त आढळतो. आधी कळलं तर दुसरं औषध वापरता येतं, बस्स. तसंच भुलीच्या वेळी कुणाला प्रचंड ताप चढून अंग ताठ झालं असेल, किंवा कुणी टेबलावर दगावलं असेल, तर सांगा. मॅलिग्नंट हायपरथर्मिया हा आजार घराण्यात चालतो, आणि त्यात भुलीचे नेहमीचे वायू टाळावे लागतात. पारशी कुटुंबांत जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींतल्या एंझाइमची कमतरता जास्त दिसते, तीही माहीत असेल तर नोंदवा. पालघर, नंदुरबार किंवा विदर्भातून उपचाराला आलेल्यांनी सिकलसेलची तपासणी झाली आहे का ते पाहावं. सिकलसेलमध्ये थंडी, पाण्याची कमतरता आणि ऑक्सिजनची घसरण या तिन्ही गोष्टी टाळाव्या लागतात, आणि ऑपरेशन थिएटर थंडच असतं.

घोरण्याबद्दल रुग्णाला विचारून उपयोग नाही, शेजारी झोपणाऱ्याला विचारा. झोपेत श्वास थांबून मग गुदमरल्यासारखं दचकणं, दिवसा लोकलमध्ये उभ्याउभ्या डुलक्या, ४० सेंटिमीटरहून जास्त घेराची मान आणि उच्च रक्तदाब ही सगळी स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराची, लक्षणं. अशांना ऑपरेशननंतर वेदनाशामक औषधांनी श्वास मंदावण्याचा धोका जास्त असतो. झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र असेल तर ते मास्कसकट सोबत न्या.

घाटात एसटी लागते का? ज्याला कसाऱ्याला उलटी होते, त्याला भुलीनंतरही मळमळ होण्याची शक्यता जास्त. बाई असणं, सिगारेट न ओढणं, गाडी लागणं किंवा आधीच्या भुलीनंतर उलट्या झालेल्या असणं, आणि ऑपरेशननंतर मॉर्फीनसारखी औषधं लागणं, अशी चार कारणं भूलतज्ज्ञ मोजतात. चारही असतील तर उलटीची शक्यता सुमारे ८० टक्के, एकही नसेल तर १० टक्के. जास्त असेल तर ऑन्डान्सेट्रॉन आणि डेक्सामेथासोन आधीच देऊन ठेवतात. (निर्व्यसनी माणसाच्या वाट्याला जास्त मळमळ यावी हा अन्यायच आहे, पण त्यासाठी सिगारेट सुरू करू नका.)

हलणारा दात, कॅप, ब्रिज आणि कवळी दाखवून द्या. नळी घालताना वरच्या पुढच्या दातांना धक्का लागतो, आणि भुलीबद्दलच्या तक्रारींत दात तुटण्याची तक्रार फार वेळा येते. दात खूपच हलत असेल तर आधी काढून घ्यावा लागेल.

रोजच्या गोळ्या

इथे एकच पक्का नियम आहे: स्वतःच्या मनाने काही बंद करू नका आणि काही चालूही ठेवू नका. पुढचं प्रश्न विचारायला उपयोगी पडावं म्हणून.

थायरॉइड, फिट, दमा आणि बीटा-ब्लॉकर गटातली रक्तदाबाची औषधं सहसा त्या दिवशी सकाळीही घोटभर पाण्यासोबत घेतात. पंप वापरत असाल तर तो मारा आणि बरोबर न्या. तेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल यांचा त्या सकाळचा डोस बऱ्याचदा थांबवतात, कारण भुलीत रक्तदाब फार खाली येऊ शकतो. अडचण अशी की आपल्याकडे ॲम्लोडिपिन आणि तेल्मिसार्टन एकाच गोळीत येतात. अशा वेळी काय करायचं ते पाकीट दाखवूनच विचारा.

मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी उपाशीपोटी घेतली तर साखर घसरते, म्हणून ती त्या सकाळी टाळतात. मेटफॉर्मिनही सहसा त्या सकाळी घेत नाहीत. पण पाकिटावरचं नाव 'फ्लोझिन'ने संपतंय का, ते पाहा: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. ही ३ दिवस आधी थांबवावी लागतात. नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठतं, आणि ग्लुकोमीटरवर आकडा बरा दिसल्याने ते उशिरा लक्षात येतं. हीसुद्धा बऱ्याचदा मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत दडलेली असतात. सेमाग्लुटाइडसारख्या आठवडी इंजेक्शनाचा शेवटचा डोस कोणत्या तारखेला घेतला ते सांगा. डॉक्टर ते पुढे ढकलायला किंवा आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ घ्यायला सांगू शकतात. इन्सुलिन किती कमी करायचं ते ज्याचं त्याचं वेगळं असतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांत चूक दोन्हीकडून महागात पडते. वॉरफरिन आणि क्लोपिडोग्रेल साधारण ५ दिवस आधी थांबवतात, काही नवी औषधं १ ते ३ दिवस आधी. पण स्टेंट नुकता टाकलेला असेल आणि गोळी परस्पर बंद केली तर तो बुजू शकतो. स्टेंटनंतर पहिल्या ६ महिन्यांत ठरवून करायचं ऑपरेशन शक्यतो टाळतात. हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन यांचं आपसात बोलणं झालंय का, हे तुम्हीच विचारा. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने सांगितलं असेल.

आयुर्वेदिक आणि 'नैसर्गिक' गोळ्याही औषधंच. अश्वगंधा, लसणाच्या कॅप्सूल, जिन्सेंग वगैरे २ आठवडे आधी बंद केलेलं बरं. ताटातल्या लसणाचा इथे संबंध नाही.

आदल्या दिवशी

मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, चमकी, अंगठ्या, मनगटातले आणि कमरेचे दोरे हे सगळं काढावं लागतं. रक्तस्राव थांबवायला जे विजेचं उपकरण वापरतात, त्याने धातूजवळची त्वचा भाजू शकते. हात सुजले तर अंगठी रुतते. मंगळसूत्र काढणं जिवावर येत असेल तर ते घरीच, वडीलधाऱ्यांशी बोलून ठरवा. थिएटरच्या दारात नर्सशी वाद घालून काहीच साधत नाही. जोडवी घट्ट बसली असतील तर साबण-तेल लावून आदल्या रात्रीच काढा.

नेलपॉलिश किमान दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांवरून तरी काढा. जेल किंवा कृत्रिम नखं असतील तर आधी पार्लरला जाऊन या. ऑक्सिजन मोजणारा चिमटा बोटावरच लावतात आणि गडद रंगाने आकडा चुकू शकतो. दाट काळी मेंदी ऑपरेशनच्या आठवड्यात नको. लिपस्टिक नको, कारण ओठ निळे पडले तर ते दिसायला हवेत. दाढी दाट असेल तर मास्कच्या कडेने हवा निसटते. काढायची की नाही ते विचारा. कॉन्टॅक्ट लेन्स काढा. श्रवणयंत्र आणि चष्मा मात्र थिएटरपर्यंत जवळ असू द्या, प्रश्न ऐकू यायला हवेत.

सर्दी, ताप, खोकला असेल तर सकाळी पोचल्यावर नव्हे, आदल्या दिवशीच फोन करा. पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा असेल तर प्लेटलेट कमी असतात. लहान मुलांची श्वासनळी सर्दीनंतर काही आठवडे चिडचिडी राहते, म्हणून त्यांचं ऑपरेशन बहुधा दोन ते चार आठवडे पुढे नेतात.

विरार किंवा बदलापूरहून परळला सकाळी सातला पोचायचं असेल तर आदल्या रात्री जवळच्या नातेवाइकाकडे उतरा. जून ते सप्टेंबरात तर नक्कीच. हिंदमाताला पाणी भरलं की वेळेचं सगळं गणित बिघडतं.

टेबलावर

नाव काय, कोणतं ऑपरेशन, कोणती बाजू, हे चार जण चार वेळा विचारतील. 'यांना काहीच माहीत नाही का?' असं वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या तपासणी यादीचा तो भाग आहे, चुकीच्या बाजूचं ऑपरेशन टाळायला. दर वेळी पूर्ण उत्तर द्या.

हातात सुई, छातीवर ईसीजीचे चिकट ठिपके, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटाला चिमटा. मग तोंडावर मास्क आणि 'मोठे श्वास घ्या'. ही जवळजवळ ३ मिनिटं कंटाळवाणी असतात आणि सर्वांत कामाची. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. फुप्फुसं शुद्ध ऑक्सिजनने भरली की श्वास थांबल्यानंतर नळी घालायला काही मिनिटांची उसंत मिळते. मास्क गच्च वाटला तर हाताने ढकलू नका, सांगा.

प्रोपोफोल हे दुधासारखं पांढरं औषध शिरेत जाताना हात चुरचुरतो. घाबरू नका, अर्ध्या-पाऊण मिनिटात झोप लागते. त्यानंतर नळी किंवा मास्कसारखं साधन घशात बसवतात, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून पापण्यांवर पट्टी लावतात, आणि भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत तिथेच थांबतात. 'इंजेक्शन देऊन निघून जातात' हा समज चुकीचा आहे. औषध ऑपरेशनभर चालू ठेवावं लागतं, दर काही मिनिटांनी मात्रा बदलावी लागते.

मधेच जाग आली तर? ही भीती बहुतेकांच्या मनात असते, तोंडावर फार थोडे आणतात. ब्रिटन आणि आयर्लंडमधली २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली मोठी पाहणी सांगते की पूर्ण भुलीत असं जाणवल्याची तक्रार साधारण १९,००० मध्ये एकाने केली. घाईचं सिझेरियन आणि स्नायू सैल करणारी औषधं असतील तर शक्यता वाढते. आधी कधी असं झालं असेल तर ते पहिल्या भेटीतच सांगा.

शुद्धीवर आल्यावर

घसा खवखवणं, तोंड कोरडं पडणं, थंडी वाजून कुडकुडणं, गुंगी हे सगळं नेहमीचं. घसा एक-दोन दिवसांत बरा होतो. अंग ठणकलं तर सक्सिनिलकोलीनमुळेही असू शकतं, तेही दोन-तीन दिवसांत जातं. दुखतंय तर सांगा, सोसून बसू नका. दुखण्यामुळे खोल श्वास घेतला जात नाही आणि कफ साठतो.

लहान मूल शुद्धीवर येताना आईलाही न ओळखता किंचाळू शकतं, हातपाय झाडतं. साधारण अर्ध्या तासात ते शांत होतं आणि त्याला त्यातलं काही आठवत नाही. त्याला आधी 'फक्त फोटो काढायला जातोय' असं खोटं मात्र सांगू नका, पुढच्या वेळी ते विश्वास ठेवणार नाही. वयस्क माणसं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रमात बोलू लागतात, सलाईन ओढतात. त्यांना चष्मा आणि श्रवणयंत्र लगेच परत द्या, खिडकीजवळ ठेवा, घरचं माणूस जवळ बसवा, वार-तारीख बोलता बोलता सांगत राहा. परस्पर झोपेची गोळी देऊ नका. अंगावर पाजणारी आई नीट शुद्धीवर आली की बाळाला घेऊ शकते, दूध पिळून फेकायची गरज सहसा नसते. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर उतरवणारं सुगामाडेक्स हे औषध दिलं असेल तर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा ७ दिवस धरू नका, दुसरं साधनही वापरा. ते दिलं होतं का, हे विचारूनच कळेल.

त्याच दिवशी घरी सोडलं तर २४ तास एक मोठं माणूस सोबत हवं. गाडी चालवायची नाही, दुचाकीवर मागेही बसायचं नाही, लोकल तर नकोच. कागदांवर सह्या नकोत, मोबाइलवरून पैसे पाठवणं नको, गॅसपाशी एकट्याने उभं राहणं नको. चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि संडास गॅलरीच्या टोकाला असेल, तर पहिली रात्र तळमजल्याच्या नातेवाइकाकडे काढता येते का ते आधीच बघून ठेवा. उलटी थांबत नाही, लघवी आठ तासांत झाली नाही, ताप चढतोय, तर हॉस्पिटलला फोन करा. श्वासाला त्रास किंवा हाका मारूनही जाग येत नसेल तर थेट १०८.

घरी निघण्याआधी भूलतज्ज्ञांना एक विचारा: 'नळी घालताना काही अडचण आली का? कोणत्या औषधाने त्रास झाला का?' उत्तर 'हो' असेल तर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि घरातल्या एकाला पाठवून ठेवा. लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल तर त्यावर दोन्ही आडनावं घाला, कारण जुने कागद जुन्या नावावरच सापडतात.